अण्णांची पिकअप, सहा इंच खाली

गाडी उंच करून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं मला रोज भेटायची. खाली करून द्या म्हणणारं सगळ्या आयुष्यात एकच भेटलं, आणि त्या एकानं माझी जेवढी झोप घालवली तेवढी बाकीच्यांनी मिळून घालवली नसेल.

मी पाटे मिस्त्री. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझी तीसेक वर्षं गेली. ट्रकच्या चाकाजवळ वाकून बघितलंत तर पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचून घट्ट बांधलेल्या दिसतील, मधे थोडा बाक असलेल्या. ते पाटे. खड्डा आला की चाक वर येतं, पाट्याचा बाक मोडतो आणि दणका तिथंच जिरतो. तिथं जिरला नाही तर तो बसणाऱ्याच्या मणक्यात जाऊन जिरतो. तुटलेला पाटा बदलणं आणि बसक्या पाट्याला तापवून पुन्हा बाक देणं, हा आमचा धंदा. शेड दोघांची होती. भट्टी दत्तोबा लोहाराची, आणि गाडीखाली उताणं पडणं माझ्याकडं.

आम्हा दोघांचे स्वभाव अगदी उलटे. दुरुस्त झालेली गाडी फाटकातून बाहेर पडली की दत्तोबा बिडी पेटवायचा. मी मात्र हात धुताधुता मनातल्या मनात त्या गाडीचा एकेक नट पुन्हा आवळत असायचो. "उस्मान, गाडी गेली, आता तू पण घरी जा," असं दत्तोबानं मला किती वेळा सांगितलं असेल याचा हिशेब नाही.

सगळ्यांना माल जास्त भरायचा असायचा, म्हणून सगळ्यांना गाडी उंच आणि कडक हवी असायची. कबनूरचे एक माग-मालक दर सहा महिन्यांनी यायचे. सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले जड रूळ, जास्त मावावेत म्हणून एक पाटा वाढवून न्यायचे आणि पुढच्याच आठवड्यात कंबर धरून परत यायचे. "मिस्त्री, मालबी बसाय पायजे आन मलाबी हादरं बसाय नगं." मी म्हणायचो, "मग मालाच्या जागी तुम्ही झोपा आणि बीमला गाडी चालवू द्या." ते हसायचे, पाटा काढून न्यायचे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा हजर.

तर अशा दिवसांत, पंच्याहत्तरच्या आसपास, नेसरीचे मल्लाप्पा अण्णा आले.

अण्णा मिरचीचे व्यापारी. गावोगावच्या बाजारांतून मिरची उचलायची, कोल्हापुरात आणून विकायची आणि परत जाताना पेंडीची पोती भरून न्यायची. गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातली जुनी अमेरिकन पिकअप, बाटलीच्या काचेसारख्या हिरव्या रंगाची. वीस वर्षं त्यांनी ती स्वतः हाकली होती. मग एकदा पोत्यांच्या थप्पीवरून पडले आणि डावा गुडघा मोडला. हाड जुळलं, पण पाय धड वाकेना. खाली दाबायला जोर होता, वर उचलायला नव्हता. क्लच दाबता येत होता, पण क्लचपर्यंत पोचता येत नव्हतं.

पायरी का नाही लावली, असं कुणीही विचारील. लावली होती. पायरीवर चढल्यावर आत जायला पुन्हा तोच पाय उचलावा लागे, आणि तसं लटकताना ते भर बाजारात दोनदा पडले होते. दुसऱ्यानं धरून बसवलेलं त्यांना चालत नव्हतं. दोन वर्षं गाडी पगारी ड्रायव्हर हाकत होते आणि अण्णा घरी बाजेवर बसून होते. त्या दिवशीही गाडी ड्रायव्हरच घेऊन आला होता. अण्णांबरोबर त्यांची बायको होती. तिला सगळे अक्का म्हणत. ती शेडच्या दारातल्या बाकड्यावर येऊन बसली, पदर सावरला आणि बघत राहिली.

अण्णांनी खिशातून एक सुतळी काढली. तिला एका जागी गाठ मारलेली होती.

"मिस्त्री, हे बगा. बाजंवर कसं, पाठ करून बसायचं आन मग हातानं पाय उचलून आत घ्यायचं. तेवडं जमतंय मला. पर शीट हितपतोर खाली पायजे." सुतळीचं टोक जमिनीला लावून त्यांनी गाठ सीटच्या कडेशी धरली. सीट गाठीच्या सहा इंच वर होती.

"अण्णा, सहा इंच म्हणजे काय थोडं झालं?"

"थोडं आसतं तर गडिंग्लजातच केलं आसतं की. तुमाकडं कशाला आलो आसतो?"

मी हो म्हणालो. का म्हणालो ते आज सांगतो. मला कीव आली होती असं नाही. कोल्हापुरात हे कुणी केलेलं नव्हतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सीटच्या खालची चौकट कापून दीड इंच मिळाला. उरलेले साडेचार गाडीच्याच अंगातून काढायचे होते. पुढं एकेक पाटा काढला आणि बाकीच्यांची कमान दत्तोबानं कमी केली. मागं पाटा एक्सलच्या, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या जाड नळकांडीच्या, वर बांधलेला होता. तो सोडवून एक्सलच्या खालून बांधला. गाडी खाली बसली, आणि एकेक दुखणं वर यायला लागलं. वळण घेताना पुढची चाकं मडगार्डाला घासायला लागली. मडगार्डाच्या कडा ठोकून आत वळवल्या. मग इंजिनापासून मागं जाणारा लांब फिरता दांडा मधल्या आडव्या अँगलला लागायला लागला. अँगल कापून वर सरकवला. मग हादरे झेलणारे शॉकप लांब पडले. त्यांची ब्रॅकेटं बदलली. एक आवाज बंद केला की दुसरा सुरू. दत्तोबा म्हणाला, "ही गाडी न्हवं, ही भांडकुदळ जाऊ हाय."

शेवटी एकच प्रश्न उरला, आणि तोच मोठा होता. वर चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि खाली एक्सल. या दोघांत आता फक्त तीन बोटं जागा उरली होती. भरल्या गाडीचं चाक खड्ड्यात गेलं की एक्सल वर उसळणार. ती चासीवर आदळते की आदळत नाही, हे धावत्या गाडीखाली डोकं घालून कुणी बघायचं?

त्यासाठी माझ्या वस्तादांची एक रीत होती. कणकेचा लिंबाएवढा गोळा घ्यायचा, तेलाचा हात लावायचा आणि एक्सलच्या बरोबर वर चासीला चिकटवायचा. एक डावीकडं, एक उजवीकडं. माती दणक्यानं गळून पडते, जोंधळ्याचं पीठ धरत नाही, गव्हाची कणीक लोखंडाला घट्ट धरते. गाडी चार दिवस नेहमीच्या मालासकट नेहमीच्या रस्त्यावर फिरवायची आणि मग बघायचं. गोळा जेवढा चेपला तेवढी एक्सल वर येते. पार चपाती झाली तर एक्सल आदळते.

आमच्या धंद्यात एक माज होता. गिऱ्हाइकाला काम समजावून सांगायचं नाही. डॉक्टर कुठं सांगतो? मी गाडीखालून दत्तोबाला ओरडून सांगितलं की गोळा चपटा झाला तर गाडी दोन इंच वर घ्यावी लागेल. गाडी न्यायला आलेले अण्णा तेव्हा ड्रायव्हरशी बोलत फाटकाबाहेर होते, अक्का बाकड्यावर. अण्णा आत आल्यावर त्यांना फक्त एवढंच म्हणालो, "खाली दोन गोळे लावलेत, त्यांना हात लावू नका. चार दिवसांनी माल भरून या."

मग अण्णा गाडीकडं पाठ करून उभे राहिले. हळूच सीटवर टेकले. दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत घेतला, दार ओढलं आणि चावी फिरवली. ड्रायव्हरला म्हणाले, "तू यष्टीनं ये." त्यांच्या तोंडावर जे आलं होतं ते बघून दत्तोबानं बिडी पेटवायची तशीच ठेवली. अक्का पलीकडच्या दारानं चढून शेजारी बसली, आणि दोघं गेले.

ते चार दिवस मी घरात आणि शेडमध्ये येरझाऱ्या घातल्या. बायको म्हणाली, "कणीक माझी गेली आणि जीव तुमचा चाललाय."

चौथ्या दिवशी दुपारी पिकअप आली. मिरची बाजारात उतरवून पेंडीची पोती शिगेला भरलेली. मी तसाच खाली घुसलो. दोन्ही गोळे गोल! डाव्या गोळ्याला एका बाजूनं जरासं चेपल्यासारखं होतं, तेवढंच. मी बाहेर येऊन अण्णांचा हात हातात घेतला. "झालं अण्णा. गाडी पास." अण्णांनी माझा हात दाबून धरला. मी गोळे खरवडून काढले आणि फाटकाकडं भिरकावले. गल्लीतलं कुत्रं आलं, दोन घासांत दोन्ही गोळे खाऊन गेलं. अण्णा आणि अक्का नेसरीला निघाले.

अर्धा तास झाला असेल. मी दुसऱ्या गाडीच्या कामाला लागलो होतो, पण हातात पाना टिकत नव्हता. काहीतरी खुपत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग एकदम कळलं. चार दिवस वाऱ्यात आणि धुळीत राहिलेली कणीक दगड होते. कुत्र्यानं ती दोन घासांत कशी खाल्ली?

"दत्तोबा, ते गोळे शिळे नव्हते."

"कुत्रं भुकेलं आसंल की."

"भुकेलं असलं तरी ते कुत्रंच, दळायचं जातं नव्हे! अरे, आजचे गोळे होते ते. कुणीतरी बदललेत."

दत्तोबा माझ्याकडं बघतच राहिला. मग त्याच्याही ध्यानात आलं. मूळ गोळ्यांचं काय झालं होतं ते आम्ही बघितलंच नव्हतं. आणि एक्सलवरूनच ब्रेकची तांब्याची नळी जाते. एक्सल आदळत असली तर ती नळी आधी चेपणार. त्या जुन्या गाड्यांत चारही चाकांचं ब्रेक ऑइल एकच. मागची नळी फुटली की पुढचेही ब्रेक गेले. पुढं निपाणी, आणि निपाणीनंतर तवंदीचा घाट.

शेजारच्या फौंड्रीवाल्याची मोटारसायकल मागून घेतली. दत्तोबा मागं बसला. हायवेवर मी ती कशी हाकली ते मला आठवत नाही. दत्तोबाला आठवतं, आणि तो आजही माझ्या मागं बसत नाही. कागल गेलं, गाडी दिसली नाही. समोरून येणाऱ्या एका ट्रकवाल्याला हात केला. "हिरवी पिकअप बघितलीसा काय, पावणं?" तो म्हणाला, "गेली की फुडं, बुड टेकवून चालल्यागत." मी मोटारसायकल आणखी पिळली.

निपाणीच्या अलीकडं एका हॉटेलासमोर ती उभी दिसली. अण्णा सीटवर बसूनच चहा पीत होते. खाली उतरून पुन्हा बसता येतंय हे दाखवायला एकदा उतरून चढलेही होते, असं हॉटेलवाल्यानं नंतर सांगितलं. मी थेट गाडीखाली शिरलो. ब्रेकची नळी एका जागी चपटी होऊन चकाकत होती आणि तिथं तेलाचा घाम आला होता. बोट लावलं, बोट ओलं झालं. मी तिथंच थोडा वेळ डोळे मिटून पडून राहिलो.

बाहेर येऊन विचारलं, "अण्णा, ते गोळे कुणी बदलले?"

अण्णा अक्काकडं बघून मोठ्यांदा हसले. "ही की! रोज सकाळी आंघूळ करून ताजा गोळा लावायची. म्हणाली, मिस्तरीनं दिष्ट लागू ने म्हणून लावलाय, शिळा ठिवू ने. मला काय ठावं? तुमी काय सांगितलावता?"

दत्तोबा हसायला लागला. मी हसायला लागलो. जीव वाचल्याचं हसू होतं ते, थांबता थांबेना. चहावालाही हसला. अक्का गाडीत समोर बघत बसली होती. तिनं पदर तोंडाशी धरला. लाजली असेल, असं मला वाटलं.

पोती तिथंच उतरवून गाडी मी हळूहळू कोल्हापूरला परत आणली. नळी बदलली, दुसऱ्या वाटेनं नेली आणि मागची बाजू दोन इंच वर घेतली. सुतळी लावून बघायची गरजच नव्हती. अण्णा पाठ करून उभे राहिले, टेकायला गेले आणि घसरले. दत्तोबानं बगलेत हात घालून धरलं. अण्णांनी तो हात झटकला आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"इकून टाका गाडी," म्हणाले. "हितनंच इका. घरला न्हेऊ नका."

अक्का बाकड्यावरून उठली, माझ्याजवळ आली आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. "मिस्तरी, काय तरी करा. तुमास्नी येतंय."

चार दिवस गाडी शेडमध्ये उभी होती. मी जेवताना उठून यायचो, तिच्याखाली जाऊन पडायचो आणि वर बघत राहायचो. एक्सल खाली नेता येत नव्हती. मग चासी वर जायला हवी. म्हणजे तेवढ्या जागेपुरती चासी खालून अर्धगोल कापायची, एक्सलला वर उसळायला खाच करायची आणि कापलेल्या जागेला जाड पत्र्याची कमान मारून ताकद परत द्यायची. बोलायला सोपं आहे. आमच्या धंद्यात चासीला करवत लावणं म्हणजे माणसाच्या पाठीच्या कण्याला लावण्यासारखं. दत्तोबा सरळ म्हणाला, "म्या हात लावणार न्हाय. मोडली तर दोन जीव जातील."

"नाही लावला तर एक जातोयच की," मी म्हणालो.

तो भट्टीकडं गेला. तासाभरानं बघतो तर जुन्या ट्रकच्या चासीचा तुकडा तापवून कमानीला बाक देत होता. माझ्याशी चार दिवस बोलला मात्र नाही. खाचा केल्या, कमानी बसवल्या, नुसत्या वेल्डिंगवर विश्वास न ठेवता रिबिटं मारली. गाडी पुन्हा खाली घेतली. पुन्हा कणीक लावली. या वेळी अण्णांना आणि अक्काला समोर बसवून गोळा कशासाठी असतो ते नीट सांगितलं. अक्का मान हलवत ऐकत होती. चार दिवस पेंडीच्या पोत्यांवर मी स्वतः बसून फिरलो, गडिंग्लज, आजरा, गारगोटी. गोळे गोल राहिले आणि दगड झाले.

अण्णांनी ती पिकअप पुढं सहा वर्षं हाकली. शेजारी अक्का असायचीच. मला मात्र ती सहा वर्षं धड गेली नाहीत. कापलेल्या चासीचं गणित मला येत नव्हतं. मी अंदाजानं कापली होती, आणि आज कुणी तसं करतो म्हणाला तर मी त्याच्या हातातली करवत काढून घेईन. संकेश्वर रस्त्यावर अपघात झाल्याचं कानावर आलं की मी पहिल्यांदा गाडीचा रंग विचारायचो.

आणि दुसरीकडं, गोळ्याची आणि दिष्टीची ती गोष्ट मी उद्यमनगरात सगळ्यांना सांगायचो. अक्काचा आवाज काढून सांगायचो. चहाच्या टपरीवर लोक मांड्या थोपटून हसायचे. गावाकडची भोळी बाई, तिच्या भक्तीपायी ब्रेक कसे जाणार होते! माझी ती हुकमी गोष्ट होती.

अण्णा गेले ते घरी, तापानं. चार दिवसांनी मी नेसरीला भेटायला गेलो. पिकअप दारात उभी होती. मी आधी तिच्याखाली वाकून कमानी बघितल्या, सवयीनं. अक्कानं चहा दिला. तिला जरा बरं वाटावं या हिशेबानं मी म्हणालो, "अक्का, तुम्ही दिष्टीचे गोळे बदलत होता, आठवतंय का? काय हसलो होतो आपण."

अक्का हसली नाही.

"दिष्टीचं कुटलं, मिस्तरी. मी तितंच बसलोतो की बाकड्यावर. तुमी गाडीखालनं वरडून सांगितलासा, गोळा चपटा झाला तर गाडी दोन इंच वर. समदं ऐकलोतो मी. पैल्याच दिवशी बगितलो, चपटाच झालता. दुसऱ्या दिवशीबी चपटाच. चौथ्या दिवशी कोल्हापुरात पोती भरून झाली तवा परत ताजा लावलो, मग तुमच्याकडं आलो."

मी कप खाली ठेवला.

"दोन वर्सं ह्यो माणूस बाजंवर बसून भिताडाकडं बगायचा," ती म्हणाली. "बोलायचा न्हाय. जेव म्हटलं की जेवायचा. त्या दिशी गाडी हाकत घरला आला आन गावात दोन फेऱ्या मारल्या उगंच. मग मी काय तुमाला चपटा गोळा दाखवू व्हय? त्येनला सांगितलो दिष्टीचा हाय म्हणून."

"अक्का, अहो, ब्रेक गेले असते. घाटात..."

"ब्रेकाचं मला काय ठावं? गाडी आदळंल, हाडं खिळखिळी व्हतील, येवडंच वाटलं. आन व्हायचं ते झालं आसतं तर मीबी शेजारीच बसलोतो की."

 तिनं माझा कप उचलला, बघितला, चहा गार झाला होता.

"तुमी तवा त्येनलाच इचारलासा, गोळं कुणी बदललं म्हणून," ती म्हणाली. "मी तितंच तर बसलोतो गाडीत. मला एकदा इचारला आसता तर सांगितलं आसतं. लई घाबरलोतो मी, तुमी गाडीखालनं भाईर आलासा तवा."

ती दुसरा चहा आणायला आत गेली. निपाणीच्या त्या हॉटेलासमोर तिनं पदर तोंडाशी धरला होता, आणि आम्ही चौघं बाप्ये हसत होतो.